अपायाचा परिच्छेद

नागपूरच्या काही विद्वान मंडळींनी मराठीत विज्ञानकोश काढायचं ठरवलं, तेव्हा आमचं राज्य नुकतंच बदललं होतं. नागपूरची राजधानी गेली होती आणि तिथल्या पुष्कळ हुशार माणसांना दुपारी करायला काही उरलं नव्हतं. कोशाची कल्पना त्या रिकाम्या दुपारींतूनच निघाली असावी, असा माझा कयास आहे. कोश काही निघाला नाही. पहिला भाग तेवढा निघाला आणि तोही स्वरांतच आटोपला. 'क'पर्यंतसुद्धा गाडी पोचली नाही. त्यामुळे 'पेनिसिलिन' हा लेख कुठे छापून आला, असं कोणी विचारलं तर मला गप्प बसावं लागतं. पण त्या न छापलेल्या लेखातल्या एका न लिहिलेल्या परिच्छेदावर आमगावच्या एका डॉक्टरची सगळी इभ्रत टांगलेली होती, आणि तो परिच्छेद लिहा म्हणून तांबड्या शाईनं हुकूम सोडणारा शहाणा मी होतो.

मी तेव्हा गोंदियाच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. तांदूळ दवनीवाड्याच्या घरच्या शेतीतून येई, त्यामुळे पोटाची फिकीर नव्हती, आणि पोटाची फिकीर नसलेल्या मास्तराला लिहायची खोड लागतेच. मी कोशासाठी 'लाख' हा, म्हणजे झाडावरच्या लाखेवरचा, लेख लिहून पाठवला होता. मंडळींचा नियम असा होता की प्रत्येक लेखकानं दुसऱ्या एका लेखकाचा लेख वाचायचा, त्यावर अभिप्राय द्यायचा, मूळ लेखकानं सुधारणा करायची आणि मग लेख नागपूरला जायचा. माझा 'लाख' आमगावच्या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांचा 'पेनिसिलिन' माझ्याकडे आला. मला औषधातलं कळत नव्हतं, त्यांना लाखेतलं कळत नव्हतं. पण आम्ही दोघे एकाच रेल्वेलाइनवर राहत होतो, आणि विद्वानांच्या दृष्टीनं तेवढी पात्रता पुरेशी होती.

सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, 'अभिप्राय स्पष्ट पण सौजन्यपूर्ण असावा.' आता आमच्या झाडीपट्टीत स्पष्ट आणि सौजन्यपूर्ण ह्या दोन गावांना मिळून एक रस्ता नाही. कुठल्या तरी एकाच गावाला जाता येतं. मी स्पष्टला गेलो.

लेखही तसाच होता. सुरुवातच 'सृष्टीच्या आरंभापासून मानव आणि व्याधी यांचा संघर्ष अव्याहत चालू आहे' अशी. मी समासात लिहिलं, 'सृष्टीपासून नको, बुरशीपासून सुरू करा.' पुढे दोन पानं आपल्या पूर्वजांना हे सगळं कसं ठाऊक होतं यावर. मी लिहिलं, 'मग त्यांनी आपल्याला का नाही सांगितलं?' पेनिसिलिनला त्यांनी 'कवकजन्य सूक्ष्मजंतुविनाशक द्रव्य' असं भारदस्त नाव देऊन ठेवलं होतं आणि ते दर चार ओळींनी येत होतं. मी प्रत्येक वेळी त्याखाली रेघ मारली. हात सरावलेला होता. शाळेतल्या पोरांच्या वह्यांवर जो जोर काढायचा तो एका वयानं वडील डॉक्टरांवर काढायला मिळाला, याचा मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.

शेवटी एक खरी गोष्ट सापडली. लेखात पेनिसिलिनचे गुण पानोपानी होते. न्यूमोनिया, सडलेल्या जखमा, बाळंतिणींचा ताप, सगळं बरं होत होतं. अपाय मात्र एका ओळीतही नव्हता. मी एका मासिकात वाचलं होतं की काही माणसांना हे औषध मुळीच सोसत नाही आणि सुई दिल्याबरोबर जीव जाऊ शकतो. मी लेखाच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अपाय? की हे अमृत आहे? याविषयी एक परिच्छेद अवश्य हवा. त्याशिवाय लेख पाठवू नये.' खाली सही ठोकली आणि टपालात टाकून दिलं.

त्यांचाही अभिप्राय आला. डॉक्टरांचंच अक्षर ते. मला एक शब्द लागेना. शेवटी आमच्या गल्लीतल्या औषध दुकानदाराकडे गेलो. त्यानं कागद दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "मास्टरजी, ये दवा नहीं है. तारीफ है." माझ्या 'लाख'वर डॉक्टरांनी पानोपानी 'उत्तम', 'फार छान', 'नवी माहिती मिळाली' असं लिहिलं होतं. एकही चूक काढली नव्हती. मला अतिशय राग आला. ज्याच्या अंगावर आपण धावून गेलो त्यानं आपल्याला पाट मांडून जेवायला बसवावं, तसं झालं. तळाशी एक ओळ होती, 'रविवारी आमगावला या. बसून बोलू.'

आमगावच्या त्या दवाखान्यात एक पडदा म्हणून नव्हता. मधे डॉक्टरांचं टेबल, कोपऱ्यात सुया उकळायचा स्टोव्ह आणि समोर भिंतीभर लांब बाक. पेशंट औषध घेऊन जातील तर शपथ. बाजाराला, गाडीला, सोबतीला वेळ असे, आणि तोवर दुसऱ्याचा आजार ऐकणं हा हक्क समजला जाई. डॉक्टरांनी एखाद्याला पथ्य सांगितलं की बाकावरून तिघे-चौघे त्यात दुरुस्ती करत. डॉक्टर मुळात आमगावकडच्याच शेतकरी घरातले. नागपूरला शिकून परत आलेले, पन्नाशीच्या आत-बाहेरचे, शांत. ह्या बाकाची त्यांना इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी बाक गप्प असला तर त्यांना निदान सुचत नसे, असं ते स्वतःच सांगत.

मी गेल्याबरोबर त्यांनी माझे तांबडे कागद काढले. "मास्तर, तुम्ही म्हणता लेख सर्वसामान्य वाचकाला कळला पाहिजे. माझ्या ओळखीचे सर्वसामान्य सगळे समोर बसलेत. आपण त्यांनाच विचारू." आणि त्यांनी लेख मोठ्यानं वाचायला घेतला.

अशा तऱ्हेनं माझा अभिप्राय बाजूला राहिला आणि बाकाचा सुरू झाला. सृष्टीचा आरंभ बाकानं निमूट ऐकून घेतला, कीर्तनात ऐकतात तसा. पण पेनिसिलिन बुरशीतून काढतात हे वाक्य आल्याबरोबर गडबड उडाली. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाप्पा! मंग आमच्या घरी तं पावसाळ्यात चपलीवर बी औषध उगवते." तिच्या शेजारच्यानं विचारलं की गुळावर येते ती बुरशी चालेल का. डॉक्टरांनी घाईघाईनं एक वाक्य जागच्या जागी लेखात घातलं, 'घरातली बुरशी औषध म्हणून वापरू नये.' मी कबूल केलं की ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं सगळा लेख डोळे मिटून ऐकला आणि शेवटी म्हणाला, "सारं लिवलं डॉक्टरसाब, पर सुई कुठं टोचतात थे नाही लिवलं. हातात का ढुंगणात?" त्यावर बाकात दोन पक्ष पडले. हातातली सुई वरच्या दुखण्याला आणि खालची सुई खालच्या दुखण्याला, असा एका पक्षाचा सिद्धांत होता. मी भौतिकशास्त्राचा माणूस, पण त्या सिद्धांतात काही दम आहे असं मलाही क्षणभर वाटून गेलं.

मग डॉक्टर माझ्या सूचना वाचू लागले. बुरशीपासून सुरुवात, मान्य. पूर्वज काढून टाका, मान्य. भारदस्त नाव काढा, तेही मान्य. बाक मान डोलवत होता. शेवटचं पान आलं तेव्हा त्यांनी ते नुसतं पाहिलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"एक राहिली," मी म्हणालो. मास्तरकी कुठे जाते!

"ती मागाहून."

"काऊन मागाहून? वाचा ना," बाकावरून कोणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं आणि त्याला जीभ काढायला लावली. मला काही कळलं नाही. एवढंच कळलं की ह्या माणसानं माझे सगळे फटकारे हसत खाल्ले आणि जो एक खरोखर कामाचा होता तोच गिळून टाकला.

दुपारी बाक पांगला. त्यांनी दार लोटून घेतलं, स्टोव्हवर सुयांऐवजी चहा ठेवला आणि मला सांगितलं ते असं.

दोनेक वर्षांपूर्वी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, जवळच्याच खेड्यातला एक शेतकरी बायकोला बैलबंडीत घालून घेऊन आला. शेतातल्या बांधीच्या चिखलात काटा मोडून तिचा पाय सुजला होता, ताप होता. पण बाई शुद्धीवर होती, बोलत होती, बंडीतून उतरून स्वतः चालत बाकापर्यंत आली. तिला आधी एकदा पेनिसिलिन दिलेलं होतं आणि ते तिला सोसलं होतं, म्हणून डॉक्टरांनी काही न विचारता दिलं. सुई काढून कापूस लावला, तोवर ती म्हणाली की जीव घाबरून रायला. ओठ सुजले, श्वास अडकला. डॉक्टरांनी दुसरं औषध शोधून भरेपर्यंत सगळं संपलं होतं. बाकावरच.

"ते सुईनं झालं हे मला तेव्हाच कळलं होतं," डॉक्टर म्हणाले. "आधी थोडं टोचून पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. तेव्हा इकडे कोणीच पाहत नव्हतं, पण त्यानं काय होतं? तो बिचारा जमिनीवर बसून राहिला. बाकावरचा एक जण त्याला म्हणाला, 'उशीर केला गा आणाले.' मग दुसराही तेच म्हणाला. मी 'हो' म्हटलं नाही मास्तर. पण 'नाही'ही म्हटलं नाही."

तेव्हापासून सगळ्या आमगावाला ठाऊक होतं की त्या बाईला आणायला उशीर झाला. डॉक्टरांनी शर्थ केली, पण उशीर झाला. तो शेतकरी बाजाराला आला की दारातून हात जोडून जाई. आता सुई दिल्याबरोबर धडधाकट माणूसही जाऊ शकतो असं डॉक्टरांनी लिहिलं, आणि त्यांचं लिहिलेलं सगळं त्यांना बाकाला वाचून दाखवायची सवय, तर बाक काही आंधळा नव्हता. कोण मेलं आणि कशानं मेलं हे त्यानं वाचणं संपायच्या आत ओळखलं असतं.

"ती सूचना तेवढी खोडा," ते म्हणाले. "बाकी तुम्ही म्हणाल ते लिहितो."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी हट्टी माणूस आहे, आणि वाईट वाटलं की माझा हट्ट वाढतो, कमी होत नाही. मी म्हणालो, "डॉक्टर, हा लेख वाचून उद्या कुठल्या तरी खेड्यातला नवा डॉक्टर सुई भरेल. त्याला कोण सांगणार?"

"तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमच्या हातून फार तर पोरं नापास होतात."

मी चहा पिऊन उठलो, पण ती सूचना खोडली नाही. माझा 'लाख' त्यांच्या हातात आला होता हे गाडीत बसल्यावर आठवलं. मनात आणलं असतं तर त्यांना माझे कान धरता आले असते. त्यांनी ते मनात आणलं नव्हतं. त्या 'उत्तम'ची मला आता जास्तच लाज वाटू लागली.

त्यानंतर बरेच दिवस आमगावहून काही आलं नाही. नागपूरहून मात्र स्मरणपत्रं येत होती. विद्वानांना 'प'ची घाई झाली होती, जणू 'अ' छापून तयारच होता. 'लेख योग्य आहे' एवढं लिहून मी मोकळा होऊ शकलो असतो आणि जगात कोणालाही काही कळलं नसतं. दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा लेखणी 'योग्य'पाशी अडली. घरात विचारायला लागले की एका लेखासाठी एवढं तोंड कशाला पाडून बसलात. मी सांगितलं की लेख फार कठीण आहे, आणि ते खोटं नव्हतं.

धानाची कापणी उरकल्यावर कार्ड आलं. ह्या वेळी अक्षर सुवाच्य होतं, मुद्दाम काढलेलं. 'रविवारी या. बाजार आहे, बाक भरलेला असेल.'

बाक खरंच भरलेला होता. दारापर्यंत माणसं होती. बाकाच्या अगदी टोकाला चाळिशीचा एक शेतकरी धुतलेलं धोतर नेसून, गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. डॉक्टरांनी त्याला निरोप पाठवून बोलावलं होतं. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं, पण डॉक्टरांनी बोलावलं म्हणून तो सकाळीच येऊन बसला होता. डॉक्टरांनी नजरेनंच मला सांगितलं की हाच तो.

"मास्तरांनी एक परिच्छेद मागितला होता," डॉक्टर बाकाला म्हणाले, "तो वाचतो."

त्यांनी वाचला. मला तो अजून पाठ आहे, कारण इतकं साधं मराठी मी शाळेत कधी कोणाला शिकवू शकलो नाही. 'पेनिसिलिन पुष्कळांचा जीव वाचवतं, पण काही थोड्या माणसांचा जीव घेतं. असा माणूस बाहेरून ओळखू येत नाही. आधी एकदा औषध सोसलं म्हणजे पुढच्या वेळी सोसेलच असं नाही. म्हणून पुरी सुई देण्याआधी थेंबभर टोचून वाट पाहावी, आणि उतारा भरून हाताशी ठेवावा. जो डॉक्टर हे करत नाही, त्याचा पेशंट दगावला तर तो दोष पेशंटच्या घरच्यांचा नाही.'

सृष्टीही नाही, पूर्वजही नाहीत. माझ्या तांबड्या शाईला कुठे टेकायलाही जागा नव्हती.

सुई हातात की ढुंगणात हे विचारणारा म्हातारा हळूच बाकाच्या टोकाकडे पाहू लागला. मग एकेकजण तिकडे पाहू लागला.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "तुझी बायको अशीच गेली," ते त्या शेतकऱ्याला म्हणाले. "माझ्या सुईनं गेली. उशीर झाला नव्हता."

दवाखान्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे ती चिंता राहायला नको. बाक ओस पडला नाही. काही लोक काही महिने दुसरीकडे गेले. जे राहिले ते सुई दिसली की हात मागे घेऊ लागले, आणि मग हळूहळू स्वतःच सांगू लागले, "आधी थेंबभर देऊन पाहा जी." बाहेरगावच्या डॉक्टरांनाही आमगावची माणसं हे ऐकवत आणि ते डॉक्टर चिडत. एका न छापलेल्या लेखाचा एवढा प्रसार झालेला मी दुसरा पाहिला नाही. डॉक्टर ज्याला घाबरत होते ते असं स्वस्तात सुटलं. ज्याची त्यांना कल्पनाच नव्हती ते त्या दिवशी समोर बसलं होतं.

कारण तो शेतकरी चिडला नाही, रडलाही नाही. डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "मंग माय?"

"माय काय?" डॉक्टरांना कळेना.

"मायनं तिले घरी ठेवलती ना. हळद बांधून देतो म्हणे, जरा दम धर म्हणे, उद्या जाजो म्हणे. मी आयकलो तिचं. मंग इथं सारेच म्हणाले का उशीर झाला." त्यानं बाकाकडे पाहिलं. "मी मायशी बोलत नाही जी तवापासून."

'उशीर केला गा' असं पहिल्यांदा कोण म्हणालं होतं, ते त्या बाकावरच कुठेतरी बसलेलं असणार. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला आणि पाहायला नको होता असं वाटलं. ही दोन वर्षं त्यांनी जे 'नाही' म्हटलं नव्हतं त्याची किंमत आपल्याच माथ्यावर आहे, असं ते समजत होते. ती एक म्हातारी कुठल्याशा खेड्यात बसून चुकती करत होती आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

"आज जाऊन सांग तिला," डॉक्टर म्हणाले.

"कसा सांगू? तिले आयकू येत नाही आता. कानापाशी कितीक ओरडलं तरी अर्धंच समजते." त्यानं हात पुन्हा गुडघ्यावर ठेवले. "अन् बोलाची सवयच मोडली जी माही."

डॉक्टर उठले. भर बाजाराच्या दिवशी, भरल्या बाकासमोर त्यांनी स्टोव्ह विझवला आणि चपला घातल्या. "चल," म्हणाले, "मी सांगतो."

मी मागून निघालो. अभिप्राय देणाऱ्यानं शेवटपर्यंत जावं असं सूचनेत कुठे लिहिलं नव्हतं, पण घरी परत जाण्यासारखं तोंडही माझ्याजवळ उरलं नव्हतं. त्याच्याच बैलबंडीत आम्ही तिघे बसलो. बाकावरचे चार-पाच जण बंडीमागून पायी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. वाटेत कापलेल्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या.

म्हातारी अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. एवढी माणसं पाहून ती उठू लागली, डोक्यावरून पदर घेऊ लागली. डॉक्टर तिच्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी आधी बेतानं सांगून पाहिलं, दवाखान्यात बोलतात तसं. ती नुसती हसली आणि लेकाकडे बोट दाखवून 'त्याला विचारा' अशी खूण केली. मग डॉक्टरांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "तुमची सून तुमच्यामुळे नाही मेली! माझ्या सुईनं मेली! माझ्या!"

तिला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. ते पुन्हा ओरडले. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली, कुंपणाशी बायका जमल्या. जे एका बाकापासून त्यांनी दडवलं होतं ते आता सगळं गाव ऐकत होतं, आणि तरी जिनं ऐकायला हवं तिला अजून पुरतं ऐकू गेलं नव्हतं. तिसऱ्यांदा ओरडताना त्यांचा आवाज फुटला. मला त्या वेळी माझ्या तांबड्या शाईची किळस आली, आणि तरी मी ती सूचना पुन्हा लिहिली असती हेही मनात कुठेतरी ठाऊक होतं. ही दोन्ही एकदम वाटू शकतात हे मला त्या अंगणात कळलं.

म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. तिला समजलं होतं. तिनं डॉक्टरांना दोष दिला नाही, की त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. ती लेकाकडे पाहत होती. तो दारापाशी पाठमोरा उभा होता. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तिला वाटलं आपण हळूच विचारतोय, पण कुंपणापलीकडच्या बायकांनाही ते ऐकू गेलं.

"मंग आता थो माया हातचं जेवल का?"

लेकानं चपला काढल्या आणि हातपाय धुवायला रांजणाकडे गेला.